तेमिरकुल आगाय आणि दारातला पाहुणा

तेमिरकुल आगायांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. किर्गिझस्तानातल्या आत-बाशी गावच्या शाळेत या गुरुजींनी आम्हाला सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवला, तो खोलीभर येरझाऱ्या घालत. त्या मंगळवारी तर पायांना चाकंच लागली होती. अकराला जिल्ह्याच्या तपासनीस राखिया एजे, म्हणजे राखियाताई, येणार होत्या. सोळाही जुन्या कॉम्प्युटरांवर किर्गिझ टायपिंगचा प्रोग्राम चालताना दिसला नाही, तर खोली शिवणवर्गाला जाणार होती.

तोच प्रोग्राम मी नारिन शहरातून पेनड्राइव्हवर तीन तऱ्हांनी आणला होता: डेब, फ्लॅटपॅक, ॲपइमेज. आमची मशीनं लिनक्सवर चालत, आणि लिनक्सवर एकच माल असा वेगवेगळ्या पिशव्यांत मिळतो.

"डेबच!" आगाय म्हणाले. "तो घरातलंच मीठ-पीठ वापरतो. सभ्य पाहुणा."

"घरात पीठ आहे का पण? त्याला लागणाऱ्या फायली इंटरनेटवरून आणाव्या लागतील."

"अरे, कुरणावर नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्याची चूल आपण पेटू देतो का? शेजारीच जेवू घालतात ना? तुझा ॲपइमेज म्हणजे आपल्या पंगतीत बसून स्वतःचा डबा उघडणारा. शिष्ट कुठला!"

म्हणून रीत पाळली. डेबने एक फाइल मागितली, तिने दुसरी, दुसरीने आणखी चार. इंटरनेट लंगडत होतं. चौथ्या मशीनवरची फाइल जुनी निघाली. नवी घातली तर छपाईच बंद पडली. पावणेदहापर्यंत तीन मशीनं झाली होती.

मग फ्लॅटपॅक. प्रोग्राम मूठभर, पण सोबतचं सामान एवढं, की डिस्कवरची जागाच संपली.

"एक कप चहा प्यायला हा तंबू, लोकरीचे नमदे, घोडे सगळं घेऊन आलाय!"

"आगाय, बसा तरी जरा."

"बसलो की खोली गेली रे!"

साडेदहाला मी न विचारता उरलेल्या तेरा मशीनांवर ॲपइमेज टाकला. एकच फाइल, सगळं तिच्याच पोटात. क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. ढिम्म.

आगाय थांबले. खरंच थांबले.

"दारात उभा आहे तो," ते म्हणाले. "डबा घेऊन आला म्हणून काय झालं? आत ये, असं कोणी म्हटलं का त्याला?"

बरोबर होतं. बाहेरून आलेल्या फाइलला चालण्याची परवानगी द्यावी लागते. एक खूण करायची, बस्स. मला शिकवलं होतं त्यांनीच. आता ते मशीनमागून मशीन पळत खुणा करत सुटले, प्रत्येकाला "या, या!" म्हणत.

"कोणाला एवढा आग्रह चाललाय?" दारातून राखिया एजेंचा आवाज.

"तुम्हालाच, एजे! या ना!"

वर्गातली सोळा पोरं मशीनांपुढे बसून टकटक टायपू लागली. एजेंनी दोनदा फेरी मारली आणि सही केली. खोली राहिली.

त्या गेल्यावर मी खुर्ची पुढे सरकवली. आगायांनी ती बाजूला ढकलली.

"डेब आहे ना अजून पेनड्राइव्हमध्ये? इंटरनेट सुधारलं की सगळीकडे तोच घालू. पाहुण्याने स्वतःचंच खाऊन जायचं, हे काही बरं दिसत नाही."