टोपलीतल्या सात भाकऱ्या

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मिठागरात राबणाऱ्या घरातून बी.कॉम. झालो, नोकरी धरली, सुकापूरला फ्लॅट घेतला. हे सांगायला मी लाजत नाही. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आहे. आई त्यावर भाजी चिरते, चहा करते, भाकरी मात्र करत नाही. भाकरीसाठी ती एका बर्नरची शेगडी जमिनीवर मांडते, परात पुढ्यात ओढते आणि मांडी घालून बसते. "उभ्यानं थापलेली भाकरी आमच्यात कुणी खात नाय," म्हणते. झालेली भाकरी शेजारच्या टोपलीत, फडक्याखाली.

घरात आम्ही दोघंच. म्हणून शेल्टरमधून कुत्रा आणला. तांबूस रंगाचा, एका कानाचा तुकडा गेलेला. पहिल्या दिवशी तो इतका गप्प होता की आईनं विचारलं, "याला भुंकता तरी येतं का रे?" दुसऱ्या दिवशी त्यानं फडक्याखालची भाकरी ओढली आणि थेट सोफ्याखाली. आई झाडू घेऊन मागे, मी आईच्या मागे. तो न चावताच गिळत होता. मी त्याच्या तोंडातून अर्धी भाकरी ओढून काढली. ती आम्ही दोघंही खाणार नव्हतो, तरी ओढली.

हे रोजचं झालं. वरण, केळी, एकदा वाळत घातलेले बोंबील. शेवटी आई म्हणाली, "येत्या रविवारी याला परत सोडून ये." आई असं एका वाक्यात ठरवते आणि मग विषय संपतो. मला कॉलेजात घालायचंही तिनं असंच ठरवलं होतं, म्हणून मी घाबरलो.

शेल्टरच्या बाईंना फोन केला. रविवारी आणतो म्हणालो. त्यांनी विचारलं, "भाकऱ्या ठेवता कुठे?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर. टोपलीत."

बाई म्हणाल्या, "दादा, मग ते त्याचंच ताट झालं ना. रस्त्यावर जे खाली दिसेल ते पटकन गिळायचं, एवढंच तो शिकलाय. मागे धावू नका, हिसकावू नका. त्याला आधी खायला घाला आणि बसायला एक जागा द्या. तिथे बसला की काहीतरी मिळतं, हे त्याला कळू दे."

आईला सांगितलं, टोपली ओट्यावर ठेवू. "आणि मी दर भाकरीला उठू? माझे गुडघे तुज्या कॉलेजनं दिलेत का?" मग मी म्हटलं, निदान त्याला आपल्या आधी जेवू घालू. हे तर तिला त्याहून लागलं. आमच्याकडे कुत्रा सगळ्यांच्या शेवटी, ताटातलं उरलेलं खातो. "माणसं उपाशी आनी कुत्रा पयला जेवनार? हेच शिकलास पंधरा वर्सं?"

"रविवारपर्यंत बघ," मी म्हणालो. "मग तू म्हणशील तसं."

त्याला आमच्या आधी जेवू घालायला लागलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जुनं गोणपाट टाकलं. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, तो गोणपाटावर बसला की मी उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा टाकायचो. उठला की काही नाही. आमचं ओरडणं बंद. माझी चूक मला तेव्हा दिसली: मोबाइल बघत ताट टीपॉयवर ठेवून उठायची सवय माझीच होती. आईनं ते हेरलं. "कुत्रा शिकला," ती म्हणाली, "तुजं काय?"

शनिवारी सुट्टी. मी अंघोळीला गेलो होतो. आई भाकऱ्या करत होती. कोळीण खाली आल्याची हाक आली आणि आई शेगडी बंद करून, सवयीनं, तशीच उठून गेली. मी बाहेर आलो तर स्वयंपाकघरात कोणी नाही. टोपली जमिनीवर, फडकं अर्धं सरकलेलं. उद्याचा रविवार मला समोर दिसला.

मग गोणपाटाकडे पाहिलं. तो तिथे बसला होता. डोळे टोपलीवर, तोंडातून लाळेची तार गोणपाटापर्यंत. शेपूट हलत होती, बाकी अंग नाही.

मी हललो नाही. आई पिशवी घेऊन वर आली, आधी टोपली बघितली, मग त्याला. खाली बसली. फडकं उचललं, बोट लावत भाकऱ्या मोजल्या. मग गरम भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर फुंकर घातली आणि गोणपाटावर ठेवला. त्यानं तो पहिल्यांदाच चावून खाल्ला.

"आई, उद्याचं काय?"

"उद्या कोलंबी हाय," ती म्हणाली. "लवकर उठ, साफ करायची हाय."

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. आठवड्याभरात पहिल्यांदा अंग सैल सोडलं. बोंबील तो अजूनही सोडत नाही, ते आम्ही उंचावर टांगतो. शेल्टरच्या बाईंना फोन लावला, उद्या येत नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, "का? काय झालं?"

मी सांगायला लागलो तोच मागून आई म्हणाली, "लांबड लावू नको. सांग तिला, सात होत्या, सात हायत."