कुंडीतला संशयित

गच्चीवरच्या माझ्या छोट्या हरितगृहात, टोमॅटोच्या कुंडीत, एक अनोळखी रोप आपसूक उगवलं. लांब, कातरलेली, बोटांसारखी पानं. शेजारचे काका चष्मा सावरत हळूच म्हणाले, "वहिनी, हा गांजा तर नव्हे?"

दोन दिवसांत अख्खी सोसायटी गच्चीवर येऊन गेली. माझे टोमॅटो बघायला कधी कुणी फिरकलं नव्हतं. आता लोक वाकून वास घेत होते, पानाची बोटं मोजत होते, उगाचच हसत होते. न ओढताच सगळ्यांना थोडी चढली होती. मी उपटायला हात घालायची आणि मागे घ्यायची. इतकं देखणं रोप, आणि गुन्हेगार?

तिसऱ्या दिवशी घरकामाला येणाऱ्या वऱ्हाडातल्या शांताबाईंनी सरळ पान तोडून तोंडात टाकलं. आंबट तोंड करून त्या हसल्या, "अवो ताई, हे तं अंबाडी हाय!"

लसणाची फोडणी दिलेली भाजी सगळ्यांच्या वाट्याला चमचाचमचा आली. संशयानं का होईना, एका पानाकडे आम्ही सगळ्यांनी एवढं निरखून पाहिलं होतं.

काल काका टोमॅटोपाशी वाकले होते. "वहिनी, हा नक्की टोमॅटोच ना?"

आवाजात केवढी आशा होती!