दहापैकी दोन

चारुशीला मेश्राम यांना आतापर्यंत एकतीस वेळा हार्ट अटॅक आला होता, चौदा वेळा पित्ताशयात खडे झाले होते, आणि एकदा तर अख्खा आठवडा त्यांना डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं. खरं म्हणाल तर गुडघेदुखी सोडल्यास बाईंना कसला आजार नव्हता. चंडीगडबाहेरच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात त्या पेशंटचं सोंग घेऊन पलंगावर पडायच्या आणि मुलं त्यांच्यावर शिकायची. खऱ्या आजाऱ्याला दहा-दहा जणांनी दाबून बघण्यापेक्षा हे बरं.

बाई मूळच्या वडशाच्या. लग्नाआधी दोन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेलं. पुढं नवऱ्याला, देवेंद्रला, डेराबस्सीच्या औषध कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर म्हणून नोकरी लागली आणि बिऱ्हाड इकडं आलं. एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी दम्याच्या म्हातारीचं काम केलं. शेजारणीबरोबर नाटक बघायला आलेल्या डॉक्टर शिवानी ग्रेवाल पडदा पडायच्या आत विंगेत धावत आल्या, हातात कुणाचा तरी इनहेलर घेऊन. बाई नुसती भूमिका करत होती हे कळल्यावर त्या आधी ओशाळल्या, मग हसल्या, आणि मग म्हणाल्या, “आप मेरे कॉलेज आओगे?”

असं ते सुरू झालं. पण ही गोष्ट त्या हार्ट अटॅकची नाही, एका मार्काची आहे.

साल दोन हजार एकोणीस. शिवानी मॅडमच्या डोक्यात एक प्रश्न बरीच वर्षं घोळत होता. मुलगा मेडिकलला येतो तो नीट परीक्षेच्या गुणांवर. दुसरं काहीच बघितलं जात नाही. त्या गुणांवरून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पेपरात कोण पुढं राहील ते बऱ्यापैकी सांगता येतं. पण पाच-साडेपाच वर्षांनी, वॉर्डात, रडणाऱ्या बाईसमोर तोच मुलगा कसा उभा राहील, ते त्यातून कळतं का? म्हणून त्यांनी ठरवलं की नव्या तुकडीची दीडशे मुलं पहिल्याच आठवड्यात आठ खोल्यांतून फिरवायची. प्रत्येक खोलीत आठ मिनिटं, एक प्रसंग, एक माणूस, दहापैकी मार्क. प्रवेश झालेलाच होता, त्याला धक्का नाही. मार्क पाकिटात बंद करायचे आणि इंटर्नशिप संपली की उघडायचे. तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर आणि सिनियर डॉक्टर त्याच मुलांबद्दल जे लिहितील, त्याच्याशी ताडून बघायचे.

सात खोल्यांत प्राध्यापक होते. आठवीत चारुशीलाबाई.

त्यांचा प्रसंग साधा होता. बाईचा नवरा आत ऑपरेशनसाठी थांबलाय. त्याच्या रिपोर्टची फाइल या मुलाकडं सांभाळायला दिली होती आणि ती त्याच्या हातून हरवली. ते बाईला सांगायचं. बस्स.

पाच दिवस बाई त्या खुर्चीत बसून होत्या. कुणी भाषण ठोकलं, कुणी आधीच रडायला लागलं. मेघना नावाची भटिंड्याची एक पोरगी दाराशीच अडखळली, मग सरळ येऊन म्हणाली, “आंटी, फाइल मुझसे खोई है। मैं ढूँढ रही हूँ, पर अभी मिली नहीं।” एवढं बोलून ती तिथंच थांबली, बाईंच्या शिव्या खायला. बाईंनी तिला नऊ दिले.

तिसऱ्या दिवशी सिद्धांत आला. तुकडीत सगळ्यात वरची रँक त्याची. कॉलेजच्या गेटवर त्याचा फोटो लावलेला होता. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. तो बसला नाही. “आंटी जी, काउंटरवालों से फाइल इधर-उधर हो गई है। आप डुप्लिकेट के लिए अप्लाय कर दीजिए, मैं फॉर्म बता देता हूँ.” फॉर्म कुठं मिळतो ते त्यानं अगदी बरोबर सांगितलं. बाईंनी विचारलं, “और बेटा, मेरा आदमी अंदर भूखा बैठा है, उसको क्या बोलूँ?” तो म्हणाला, “वो तो वॉर्ड में पूछना पड़ेगा.” तीन मिनिटांत तो बाहेर पडला, पाच मिनिटं हातची शिल्लक ठेवून.

बाईंनी कागदावर दोन लिहिले. बाकीच्या सात खोल्यांत त्याला आठ आणि नऊ होते.

पाकिटं बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपॉल साहेबांनी तक्ते मागवले आणि दुपारी बाईंना बोलावणं आलं. लांबलचक टेबल, शिवानी मॅडम, आणखी तीन प्राध्यापक. साहेबांनी तक्ता बाईंपुढं सरकवला.

“मेश्राम जी, आठवी खोली बाकी सगळ्या खोल्यांपेक्षा वेगळंच बोलतेय. आमच्या पहिल्या दहा रँकपैकी सहा मुलांना तुम्ही पाचच्या खाली ठेवलंत. यात काहीतरी चूक झालीय. एकदा पुन्हा नजर टाका.”

“टाकली जी,” बाई म्हणाल्या. “चूक नाही.”

“तुमचं शिक्षण किती?”

“बारावी. कला शाखा.”

“आणि तुमची मुलगी...” साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. “दोनदा नीट देऊन राहून गेली, असं ऐकलं. आईचं मन असतं. दुसऱ्यांच्या मुलांवर राग निघू शकतो, नकळत.”

शिवानी मॅडम उठल्या, “सर, ये ठीक नहीं है.” पण बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांची गिरिजा चंडीगडला सेक्टर चौतीसच्या क्लासला दोन वर्षं सायकलनं गेली होती, बावीस गुणांनी हुकली होती आणि आता लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. तिचं नाव या टेबलावर यायचं काही कारण नव्हतं.

बाईंनी खुर्ची टेबलापासून मागं ओढली आणि साहेबांकडं तोंड करून बसल्या.

“साहेब, माझा माणूस आत आहे. त्याची फाइल तुमच्याजवळ होती, ती हरवली. सांगा मला.”

“काय?”

“आठ मिनिटं आहेत तुमच्याकडं.”

कुणीतरी खोकलं. साहेब हसले, आजूबाजूला बघितलं, कुणीच मदतीला येईना, तेव्हा घसा साफ करून म्हणाले, “हे बघा मॅडम, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात फाइल इकडं-तिकडं होते. रेकॉर्ड सेक्शनला मी लगेच सूचना—”

“म्हणजे रेकॉर्ड सेक्शननं हरवली?”

अॅनाटॉमीचे म्हातारे प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले, हसू दाबताना खांदे हलत होते. बाईंनी समोरचं पेन उचललं आणि तक्त्याच्या कोऱ्या कडेला लिहिलं: तीन.

“तुमची तर मुलगी नापास झाली नसेल,” बाई म्हणाल्या, “तरी तीनच झाले. हे मार्क माझे आहेत. खोडायचे तर खुशाल खोडा, पण खाली लिहा की आम्ही खोडले, आणि सही करा. मी खोडणार नाही.”

सही करायला कुणी तयार होईना. शेवटी आठव्या खोलीचे मार्क वेगळ्या पाकिटात ठेवायचे, “फक्त माहितीसाठी”, असं ठरलं. पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर बाईंनी देवनागरीत आडवी सही केली. पुढच्या महिन्यापासून कॉलेजातून त्यांना बोलावणं बंद झालं.

घरी देवेंद्र म्हणाला, “काहून नडली तू तिथं? दोनाचे पाच केले असते तर काय आभाळ कोसळून राहिलं होतं?”

“तुमच्या पॅकिंगवर पाकिटात एक गोळी कमी भरली तर पूर्ण आहे म्हणून सही करता का तुम्ही?”

गिरिजाला हे सगळं कळलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “मम्मी, मेरी वजह से तुम्हारा काम गया ना?”

“तुझ्यामुळं नाही गेलं. त्यांना दुसरं काही सापडलं नाही म्हणून तुला ओढलं.”

“सच बताओ, मी त्या खोलीत आले असते तर किती दिले असतेस?”

बाईंनी पोळी उलटली. खोटं बोलून पोरीला बरं वाटलं असतं. “पाच,” त्या म्हणाल्या. “तू माफी मागतच बसली असती. समोरच्याला बोलायला जागाच दिली नसती.”

तिसऱ्या दिवशी गिरिजा म्हणाली, “छे तो बनते थे.” बाई म्हणाल्या, “पाच.”

मधली वर्षं गेली. बाईंनी मोहालीत आयटीत काम करणाऱ्या मराठी पोरांचे डबे घेतले, मंडळाची दोन नाटकं बसवली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत देवेंद्र नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. त्या नऊ दिवसांत किती डॉक्टर आपल्याशी बोलताना थांबले आणि किती नुसते पुढं गेले, हे बाईंना आजही मोजून सांगता येतं.

दोन हजार पंचवीसच्या एप्रिलमध्ये शिवानी मॅडमचा फोन आला. इंटर्नशिप संपली होती. सिस्टरांनी आणि सिनियर डॉक्टरांनी सगळ्या मुलांबद्दल लिहून दिलं होतं, पाकिटातले मार्क त्यांना माहीत नसताना. “तुमचं पाकीट तुमच्यासमोरच उघडायचं आहे. मी अडून बसलेय.”

तेच टेबल होतं. साहेबही तेच, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. शिवानी मॅडमनी आकडे समजावून सांगितले. नीटची रँक पहिल्या दोन वर्षांच्या पेपरांशी चांगली जुळत होती; वॉर्डातल्या कामाशी जवळजवळ नाही. प्राध्यापकांच्या खोल्या थोड्याफार जुळत होत्या. आठवी खोली त्यांच्यापेक्षा जास्त. फार नाही, पण जास्त. मेघना पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत एकदा नापास झाली होती, आणि आता सिस्टरांच्या यादीत पहिल्या पाचांत होती.

“आणि सिद्धांत?” साहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

मॅडमनी बाईंकडं बघितलं. “तोही पहिल्या पाचांत आहे. लाट आली तेव्हा चार महिने तो नातेवाइकांना फोन करायच्या टेबलावर होता. रोज साठ-सत्तर फोन. सिस्टर म्हणतात, तिथून उठला तो वेगळाच मुलगा होता.”

“म्हणजे मेश्राम जी चुकल्या,” साहेब म्हणाले. “आता तरी ते दोन काढू या. मुलगा इथंच एमडी करायचं म्हणतोय. उगाच डाग कशाला?”

बाई खरंच चुकल्या होत्या. त्या दोनापायी त्यांनी काम घालवलं होतं, आणि तो पोरगा चांगला निघाला. त्याचं बरं वाटलं, आणि लाजही वाटली. दोन्ही गिळून त्या म्हणाल्या, “पुढं तो कसा निघेल ते मला दिसलं नाही. तिथं मी चुकले, तसं लिहा. पण त्या दिवशी त्यानं काउंटरवाल्यांवर ढकललं होतं, ते खरं आहे. त्या दिवसाचे दोनच. आज बोलवा, आज जे असेल ते देते, वेगळ्या कागदावर.”

“तुम्ही फार हट्टी आहात.”

“हो जी.”

दोन तसेच राहिले. पुढं मॅडमनी यावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा बाईंचं नाव ‘स्वयंसेवक’ म्हणून घालायचं घाटत होतं. बाईंनी मसुदा तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो ‘परीक्षक’ असा शब्द घेऊन आला.

नव्या प्रिन्सिपॉलनी दरवर्षी या खोल्या भरवायच्या असं ठरवलं, निवडीसाठी नाही, मुलांना आपलं आपल्याला कळावं म्हणून. बाईंना पुन्हा बोलावलं. बाईंनी एक अट घातली: सिद्धांतच्या वेळी मी एकटी होते, तसं नको, खोलीत दोन बाया पाहिजेत, आणि दुसरी मी निवडणार. त्यांनी कॅन्टीनमधली कांचन निवडली. धुळ्याची, आठवी शिकलेली, समोरच्याचं तोंड बघून चहात साखर किती ते ओळखणारी.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी एक लांबट मुलगा आला, कावराबावरा होऊन बोलला आणि गेला. बाईंनी चार लिहिले. शेजारी बघितलं तर कांचनच्या कागदावर आठ.

“अगं, आठ कशाचे? वाक्य तरी पुरं केलं का त्यानं?”

“नाही केलं,” कांचन म्हणाली. “पण तुम्ही रडायला लागल्या तेव्हा त्यानं दार लावून घेतलं. बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. तुमची पाठ होती दाराकडं, तुम्हाला नाही दिसलं.”

“तरी आठ जास्त होतात. सहा कर.”

“नाही करणार.”

बाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. कांचननं कागद उलटा करून मांडीखाली दाबला आणि दाराकडं तोंड करून ओरडली, “अगला!”