क्लबातली भिंत

बर्फावरून दगड सुटला की दोघंजण त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत धावतात, म्हणजे तो आणखी लांब जातो. आमच्या कॅनडातल्या गावात या खेळाचा, कर्लिंगचा, जुना क्लब आहे. काल शेजारीण मार्गारेट तिथल्या भिंतीवरचे फोटो दाखवत होती. "हे माझे आजोबा, ही आई, ही मी."

असा हेवा वाटला मला तिचा! हिच्यापुढे आधीच्या पिढ्या बर्फ घासत आल्या. माझ्यापुढे कोण होतं? मी तर इथं साधं चालायलाही पडत-झडत शिकले.

"आणि ही तुझी अनघा," मार्गारेट म्हणाली.

नव्या फोटोत माझी लेक हसत होती, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच असल्यासारखी. तिच्यापुढचा बर्फ मीच घासला, आणि आता मेला तिचाच हेवा वाटतोय.