पट्ट्याबाहेरची रेषा

जन्मल्याबरोबर, पापणी लवायच्या कितीतरी आधी, विश्व अफाट फुगलं. ते कसं फुगलं याचं गणित मांडण्यात आमच्या सरांची वीस वर्षं गेली. मग विश्वातला सर्वांत जुना प्रकाश टिपणाऱ्या उपग्रहाची नवी मोजमापं आली. आलेखावर सरांच्या मॉडेलची रेषा त्या मोजमापांनी आखलेल्या शक्यतेच्या पट्ट्याबाहेर पडली होती. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि फळ्यावरची समीकरणं तळहातानंच पुसून टाकली. ज्या क्षणासाठी माणूस अख्खं तारुण्य देतो, तो क्षण त्याला ओळखही दाखवत नाही, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी दुसऱ्याचं, टिकलेलं मॉडेल मन लावून शिकवलं. एका मुलीनं विचारलं, "सर, आणि तुमचं?"

"चुकलं," सर म्हणाले. मग हळूच, "पण सुंदर होतं गं." आणि खडू शोधायच्या निमित्तानं ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.