भिंतीतल्या आसरामाय

त्या वर्षी मी आसरामायची ओटी भरली नाही, हे आधीच कबूल करून टाकते. आमच्या घरात लग्न-बारशाला चार बायका जमल्या की गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे येतं, आणि माझ्या गोष्टीत मी स्वतः नेहमी थोडी शहाणी, थोडी शूर निघते. या गोष्टीत तसं काही जमण्यासारखं नाही. यात मी बहुतेक वेळ दमलेली आहे, उरलेला वेळ रागावलेली.

आमचं शेत आसेगावपासून आत, नदीकाठी. काठावर एक जुनं उंबराचं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेले सात दगड. त्याच आसरामाय, पाण्यातल्या सात बहिणी. पेरणी आटोपली की घरच्या सुनेनं त्यांच्यापुढे खण आणि हिरव्या बांगड्या ठेवायच्या, दहीभाताचा घास द्यायचा आणि म्हणायचं, माय, पाणी दे, पण काठात राहा. लग्न होऊन आल्यापासून मी एक वर्ष चुकवलं नव्हतं. आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यात ओटी भरल्याला पंधरा दिवस झाले नसतील, तोच वर कुठंतरी ढग फुटला आणि भर दुपारी नदी काठ सोडून शेतात शिरली. निम्मं शेत खरडून नेलं. सोयाबीन गेलं, त्याखालची हातभर काळी माती गेली, उंबर गेलं, ते सात दगडही गेले. मागं राहिला उघडा मुरूम आणि वाहून आलेले गोटेच गोटे. उरलेलं निम्मं शेत ज्या विहिरीवर भिजतं, ती पूर्वी नदीपासून चांगली लांब होती. आता काठ तिच्यापासून बेचाळीस पावलांवर येऊन थांबला होता.

माझे यजमान बोलत कमी. वर्षातून एखादं वाक्य असं बोलतात की ते त्यांनी सहा महिने मनात वापरलेलं असतं. पाणी ओसरल्यावर विहिरीच्या काठावर उभं राहून ते म्हणाले, "आनखी एक पूर आला अन् विहीर गेली, तं आपून पुन्याले पोराकडं जाऊ. मंग इथं ठेवलंच काय?" पोरगा चांगला आहे, सूनही. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरी जाताना लिफ्टमध्ये मी डोळे मिटून उभी राहते, आणि माझ्या सासूबाईंनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "तुमी जा. मी इथं कोनाच्याई वसरीत पडून राहीन." म्हणजे विहीर गेली तर घराचे दोन तुकडे होणार होते, आणि कोणत्या तुकड्याबरोबर जायचं ते मला ठरवावं लागणार होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांना फार दिसत नाही. त्या रोज संध्याकाळी विचारायच्या, "आसरामाय सापडल्या काय व?" आणि एके दिवशी माझं तोंड सुटलं. "ज्या सोताच वाहून गेल्या, त्या आपल्याले काय वाचवतीन, आत्याबाई?" त्या भिंत चाचपत आत गेल्या. मला वाटलं, वाद जिंकला. रात्रीची अर्धी भाकर मात्र मी तशीच ताटात ठेवली.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी भिंत घालायला घेतली. शेतात वाहून आलेले गोटे वेचायचे, घमेल्यात भरायचे, काठावर नेऊन रचायचे. नदीसमोर आडवी, कमरेएवढी, सत्तर पावलं लांब. चार महिने हेच केलं. माझे गुडघे त्या वर्षी खऱ्या अर्थानं म्हातारे झाले. सकाळी उठताना आधी एक पाय उठायचा, मग दुसऱ्याची मनधरणी करावी लागायची. नाही म्हणायला त्या कामात मी हुशार झाले होते. चपटा, बसका, हातात नीट बसणारा दगड दिसला की मी खूश व्हायची आणि तो खालच्या थरात घालायची. एका टोकाला तर अशा चपट्या दगडांची छान बैठकच तयार झाली होती. दुपारी तिच्यावर बसून मी ठेचा-भाकर खायची.

वैशाखात आत्याबाईंनी हट्टच धरला, म्हणून त्यांना बैलगाडीत घालून शेतात आणलं. दिसत नसल्यामुळे त्या भिंतीवरून हात फिरवत चालल्या होत्या. माझ्या बैठकीपाशी थांबल्या, वाकल्या, एका दगडाच्या खोबणीत नख घालून काहीतरी खरवडलं आणि बोट नाकाशी नेलं. मग ते माझ्यासमोर धरलं. नखात लाल होतं. तेलात कालवलेला, वर्षानुवर्षं साचून कडक झालेला शेंदूर.

"पोरी, हे तं माय होय."

"कोन माय?"

"आसरामाय. अन् तू तिले भितीत घातली."

यजमानांनी डोकं खाजवलं. "बाकीच्या सहा?"

"असतीन इथंच. बहिनी होत त्या, कुठी जातीन?"

"मंग काय आता सबन भित खोलू म्हंतं काय, माय?" यजमानांनी आपल्या आईला विचारलं.

"राहू दे. कोन कुठी हाय ते त्याइचं त्याइले माईत. तुमी सबन भितीले हात जोडा."

मी म्हटलं, "सत्तर पावलं भित हाय, आत्याबाई. दगडादगडाले हात जोडत गेली तं संध्याकाळ होईन."

"होऊ दे. तुले कोन्ती गाडी पकडाची हाय?"

मी हात जोडले नाहीत. पण चार महिने देवाच्या डोक्यावर बसून ठेचा खाल्ला, हे कळल्यावर तिथं बसणंही झालं नाही. दुसरीकडे बसू म्हटलं, तर कोणता दगड कोण, काय माहीत? त्या दिवसापासून मी उभ्यानं जेवू लागले.

मृगाच्या तोंडावर मेंढरांचा एक कळप परतीच्या वाटेवर आमच्या काठानं आला. घाटाकडची माणसं, पाऊस लागायच्या आत गावी पोचायच्या घाईतली. त्यांच्यातली एक म्हातारी विहिरीवर पाणी मागायला आली. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, हातात काठी, पायात टायरच्या वहाणा. पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"कुनी बांधली?"

"आमीच," मी जरा ऐटीत म्हटलं.

"लय कष्ट केलं, बाय." मग थोडं थांबून म्हणाली, "पन ऱ्हायची न्हाई."

माझी ऐट तिथंच उतरली. ती बोलत होती ते मात्र अगदी साधं, भाजीचा भाव सांगावा तसं. "नदी काय गोठ्यातलं जनावर हाय का, दार लावलं की आत ऱ्हायला? तुमी तिच्या म्होरं आडवं उभं ऱ्हायलाय. ती मागनं यील. भितबी नेईल आन् इहीरबी नेईल. आमच्या गावाला आमी ह्येच क्येलतं."

"मंग कराव तरी काय?"

"पानी आडवू नगा, दमवा. दमलं की मानूस डोईवरचं वझं खाली ठिवतंय का न्हाई? पानीबी ठिवतंय. वरनं कुनाची तरी माती घिऊनच येतंय त्ये." आणि काठीनं मुरमात रेघा ओढून तिनं दाखवलं. सलग भिंत मोडायची, तिचे काठातून नदीकडे निघालेले पाच आखूड हात करायचे, पाणी वाहतं त्या बाजूला जरा कललेले. मधल्या जागेत बाभळीच्या काटेरी फांद्या अंथरायच्या, त्यांवर दगड ठेवायचे, आणि फटीफटीत, मुळं धरून माती धरावी म्हणून, निर्गुडीच्या काड्या खोचायच्या.

यजमान सगळं ऐकून विहिरीकडे गेले. परत आले ते एकच शब्द घेऊन. "मोडाची."

"माह्या गुडघ्यानं बांधली हाय ती भित," मी म्हटलं.

"तं गुडघ्यालेच इचार."

मला भांडायचं होतं, पण भांडायलाही जी थोडी ताकद लागते ती सापडेना. माणूस देवापुढे शरण जातो म्हणजे नेमकं काय होतं, मला ठाऊक नाही. मी ऐकलंय की तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर काटा येतो. मला फक्त खाली बसावंसं वाटलं. मी मुरमात बसले आणि म्हटलं, मोडा.

ती माणसं दोन दिवस थांबली. मेंढरं खतासाठी आमच्या उघड्या मुरमावर बसवली, आणि भिंतीचा पहिला दगड त्या म्हातारीनंच काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी कळप निघाला. मी चहा विचारला, लिंबाचं लोणचं बांधून दिलं, नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

उरलेली भिंत आम्ही मोडली आणि म्हातारीनं दाखवले तसे पाच हात रचले, बाभळी-निर्गुडीसकट. आत्याबाईंचा हुकूम असा की कोणत्या दगडात माय असेल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक दगड कपाळाला लावूनच हलवायचा. त्यामुळे चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. माझे यजमान देवळातसुद्धा चपला कुठं ठेवाव्या याच काळजीत असतात. पण एकदा मी बाभळीमागून बघितलं, तर आजूबाजूला कोणी नाही अशी खात्री करून ते दगड कपाळाला लावत होते. मी खोकले नाही. तशीच मागं फिरले. मीही लावत होते, पण मनातून नाही. पेरणी झाल्यावर आत्याबाईंनी ओटीची आठवण केली, तेव्हा मी चक्क म्हटलं, "आधी माती वापस देऊ द्या, मंग पाहू." देवाशी असं बोलणारी बाई तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडली नव्हती.

श्रावणात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी नदी चढली. आम्ही दोघं मेणकापड डोक्यावर घेऊन विहिरीपाशी उभे होतो. पाण्याचा रंग मागल्या वर्षीसारखाच होता, आवाजही तोच. पहिला दगडी हात माझ्या डोळ्यांसमोर ढासळला, मग दुसऱ्याचं टोक गेलं. पाणी मोकळ्या जागेतून आत आलं आणि आमच्या दिशेनं पसरू लागलं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. यजमान म्हणाले, "चाल घरी. पाहून का ते थांबते?" निघताना मी पाण्याकडे बघून मनात म्हटलं, माय, न्यायचं असेल तर ने, मी आता आडवी येत नाही. यात भक्ती किती होती आणि कंटाळा किती, ते मला आजही सांगता यायचं नाही. घरी आले, ओलं लुगडं बदललं आणि आडवी झाले. वर्षभरात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. पूर चढलेला, विहीर जाणार की राहणार ठाऊक नाही, आणि मी घोरत होते. तसं आत्याबाईंनी नंतर चार बायकांत सांगितलं.

पाणी ओसरायला दोन दिवस लागले. आम्ही गेलो तेव्हा पाचातले तीन हात उभे होते. बाभळीच्या फांद्या कचऱ्यानं भरून गेल्या होत्या आणि त्यांच्या मागं, जिथं नुसता मुरूम होता तिथं, माझ्या नडगीएवढा गाळ बसला होता. काळा, मऊ, मळलेल्या कणकेसारखा. मी विहिरीपासून काठापर्यंत चालत गेले. बेचाळीस. यजमान चालले, त्यांची अडतीस भरली, आणि वर मलाच म्हणाले, "तुहे पाय आखूड हायेत." त्यावर आम्ही तिथंच, त्या चिखलात उभं राहून, मनसोक्त भांडलो. इतकं बरं वाटलं.

आत्याबाईंना आणलं. त्यांनी मनगटापर्यंत हात गाळात घातला आणि विचारलं, "कोनाची असन व ही माती?" मी आनंदात होते, मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. वर कुणाचं तरी शेत खरडलं असेल, तेव्हा ही आमच्याकडे आली. आमची गेली होती तीही खाली कुणाच्या तरी काठावर बसली असेल. तिथली एखादी बाई अशीच हात घालून उभी राहिली असेल. तिला माझा राग कसा माहीत असणार? इतके दिवस मी म्हणत होते, माझी माती, माझी माती. त्या दिवशी ते म्हणणं तोंडात थोडं अडखळलं. आणि जे आलं होतं ते मी काही दिलं म्हणून आलं नव्हतं, हेही मला पुरतं ठाऊक होतं. मी तर त्या वर्षी बांगडीसुद्धा ठेवली नव्हती.

गाळाच्या पट्ट्यात हरभरा पेरला. फार नाही, अर्ध्या एकराला कमीच. दिवाळीनंतर मेंढरांचा कळप पुन्हा आला, पण म्हातारी नव्हती. तिची सून म्हणाली, तिचे गुडघे गेले, आता ती घरीच बसते. मी भिंतीची हकीकत सांगितली तर ती हसली. "आमच्या आत्यांचं असंच हाय. जिथं जातील तिथं कुनाचं ना कुनाचं मोडायला लावत्यात." आमच्या काठावरची निर्गुडी तोवर गुडघ्याइतकी वाढली होती. तिचा पाला तेलात कढवून मी एक बाटली भरली आणि म्हातारीच्या गुडघ्यांसाठी दिली. आणखी अर्धी बाटली माझ्यासाठी घरी ठेवली, ते सांगितलं नाही.

पुढच्या पावसात काय होईल, मला माहीत नाही. उरलेले तीन हात टिकतील, किंवा जातील. नदीशी माझं भांडण मिटलं असंही नाही, तिचं पाणी चढलं की मी अजून विहिरीपासूनची पावलं मोजते. फक्त आडवं उभं राहण्यात जी ताकद मी घालवत होते, ती आता कुठंतरी शिल्लक राहिल्यासारखी वाटते. संध्याकाळी आत्याबाईंच्या पायांना तेल चोळण्याइतकी ती पुरते.

हरभरा फुलावर आला तेव्हा पुण्याहून पोराचा फोन आला. यंदा पुराचं काय झालं, कधी येता, सामान न्यायला गाडी पाठवू का, असं तो विचारत होता. यजमान धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून बोलत होते. "काई झालं नाई रे," ते म्हणाले. "पानी आलं अन् गेलं. विहीर हाय जागेवर. आमी येत नाई." फोन बंद करून ते हरभऱ्याकडे वळले, नाक पुसलं, आणि मला म्हणाले की वारा फार आहे. वारा नव्हता. मी हात जोडले. कुठं तोंड करून जोडावे ते कळेना, म्हणून जिथं उभी होते तिथंच, नुसते जोडले.