अक्षदाचा ताणलेला पाय

अक्षदा केणे बॉलमागे धावत होती आणि धावता धावता मधेच थांबून मागे वळून बघायला लागली. बॉल तिच्या पुढून बाउंड्रीला गेला. आम्ही सगळ्या ओरडतोय आणि ही मागे बघतेय.

"दगड कोणी मारला गं?" तिने विचारलं.

दगड कोणीच मारला नव्हता. मागे आम्ही खेळतो त्या टर्फच्या मैदानाची जाळी होती आणि जाळीपलीकडे रिकामा रस्ता. तिने पुढचं पाऊल टाकलं आणि उजवी मांडी मागून दोन्ही हातांनी धरून खालीच बसली. चेहरा पांढरा पडला होता. आमच्या टीमची कॅप्टन नयन धावत गेली, मी गेले. "काही नाही, होईल नीट," असं म्हणत ती उठायला बघत होती आणि पाय टेकवता येत नव्हता.

शीळफाट्याहून कल्याणकडे येताना दोन्ही बाजूंना टॉवर लागतात आणि टॉवरांच्या मध्ये जुनी गावं. अक्षदाचं सासर त्यातल्याच एका गावातलं. तिची सासू हौसाबाई तरुणपणी मिठागरात आणि भातशेतीत राबलेली. आता शेतांवर टॉवर आहेत आणि केण्यांचा तीन मजली बंगला. बंगल्यात अकरा माणसं. मी, निशिगंधा, समोरच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहते. आमचं मूळ साताऱ्याकडचं. गावातल्या आणि टॉवरमधल्या बायकांनी मिळून क्रिकेटची लेडीज टीम काढली तेव्हा आमची ओळख झाली.

अक्षदा माहेरची खडवलीची. शाळेत असताना धावण्यात तालुक्याला पहिली आलेली, असं तिची भावजय एकदा सांगत होती. ती स्वतः कधी बोलली नाही. पण तिला धावताना बघितलं की कळायचं. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई, तरी बॉल टप्पा घेतो न घेतो तोच ही त्याच्यापाशी.

तिची वेळ ठरलेली. दुपारची जेवणं, आवराआवर झाली आणि घर आडवं झालं की ती मागच्या दाराने निघायची. घर जागं व्हायच्या आत परत जाऊन चहा टाकायचा. मध्ये जेमतेम तासभर. तो तास तिला अख्खा खेळायला हवा असायचा. त्यामुळे ती यायचीच पळत. ओढणी गेटवर टांगायची, एक पाय बाकड्यावर ठेवून दोनदा वाकायची आणि ओरडायची, "नयन, बॉल दे!"

त्या दिवशी मी तिला रिक्षाने डोंबिवलीला मृणाल नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिने तपासून सांगितलं की मांडीचा मागचा स्नायू ताणलाय, थोडा फाटलाही असेल; तो असा गेला की मागून दगड बसल्यासारखंच वाटतं. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा. पहिले काही दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. आणि दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं समजू नका, पुन्हा मला दाखवा.

घरी गेल्यावर हौसाबाईंनी ओव्याचं गरम तेल करून मांडी अशी काही रगडली की दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत सगळं काळंनिळं.

मी भेटायला गेले तर तिला हॉलमधल्या दिवाणावर झोपवलेलं. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना चढवत नव्हता. हॉल म्हणजे त्या घराचा नाका. येणारा जाणारा तिथूनच. सासरे टीव्ही बघत बसलेले, कोणी साहेब जमिनीच्या कामाला आलेले, चुलत सासवा आलेल्या. प्रत्येक जण पायाकडे बघायचा आणि काहीतरी बोलायचा. तिच्या मांडीवर परात होती, परातीत कोलंबी.

"पाय दुखतंय ना, हात तर बरं हायेत ना?" हौसाबाई मला म्हणाल्या. ओरडून नव्हे, अगदी सहज. "काय गो निशिगंधा, ही खेलाला येतंय का पाय मोडाला? आमी मिठागरान दिसभर चिखलान उभं रायलो. आमचा पाय कवा तानला नाय."

अक्षदा मान खाली घालून कोलंबी सोलत होती. मी निघताना हळूच म्हणाली, "ताई, बाथरूमला गेली तरी सगळ्यांना कळतं गं मी कुठे गेली ते."

पाय दुखायचा थांबला आणि ती पुन्हा मागच्या दाराने पळत आली. मृणालला परत दाखवायचं राहूनच गेलं; डोंबिवलीला जाऊन यायचं तर अर्धा दिवस मागायला लागला असता. आल्या आल्या पहिल्याच ओव्हरमध्ये तिने एक जोरात धाव घेतली आणि तीच मांडी, तीच जागा, पुन्हा गेली. या वेळी तिने मागे बघितलं नाही. बसली आणि रडली.

या खेपेला मृणालने तिला विचारलं, "खेळायच्या आधी काय करता? करून दाखवा."

अक्षदाने चांगला पाय स्टुलावर ठेवला आणि दोन झटके देऊन वाकून दाखवलं.

"हे स्ट्रेचिंग नाही, पायाला दिलेले हिसके आहेत," मृणाल म्हणाली. "आधी अंग गरम करायचं. भरभर चाला, मग हळू पळा. गुडघे वर घेत चाला. भिंतीला धरून पाय झोपाळ्यासारखा पुढे-मागे हलवा. मग छोट्या धावा, प्रत्येक वेळी वेग थोडा वाढवत. एवढं झाल्यावर बॉलमागे जा. पाय लांब करून ताणायचा आणि न हलता धरून ठेवायचा, ते खेळून झाल्यावर."

"त्याच्यात पंधरा मिनिटं जातील."

"जातील."

"मग खेळायला काय राहिलं?"

मृणालने पुढचं सांगितलं. नुसता आराम करून भागणार नाही, मांडीला ताकद यायला हवी. रोज घरी उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर वर उचलायची आणि सावकाश खाली आणायची. जमायला लागलं की पुढचे व्यायाम.

"मॅडम, उताणी कुठे झोपू?" अक्षदाने विचारलं.

मृणालला प्रश्न कळला नाही. अक्षदा खरंच विचारत होती. हॉलमध्ये सासरे. खोलीत दुपारी मुलांचा अभ्यास, रात्री नवरा. किचनमध्ये दोन जावा. तीन मजले होते, पण एक बाई जमिनीवर पडून कंबर उचलेल आणि कोणी बघणार नाही, अशी जागा नव्हती.

तिने गच्ची शोधली. पाण्याच्या दोन काळ्या टाक्यांच्या मधोमध एक सतरंजी मावेल एवढी फट होती. सकाळी कपडे वाळत घालायला म्हणून जायची आणि तिथे पडायची. मला माझ्या खिडकीतून दिसायची. कंबर वर, थांबली, खाली. जिन्यात कोणाची चाहूल लागली की ताडकन उठून दोरीवरचे कपडे झटकायची. मी खिडकीतून बाजूला व्हायचे.

मला दिसत होतं म्हणजे इतरांनाही दिसत होतं. भाजीच्या गाडीवर आमच्याच टॉवरमधली कोणी बाई हौसाबाईंना बोलली, की तुमची सून गच्चीत झोपून काय करते हो? त्याच संध्याकाळी मी टीमचे टी-शर्ट द्यायला गेले आणि नेमकी मध्ये सापडले.

तिचा नवरा संदेश रेती-सिमेंटचा धंदा करतो. वाईट माणूस नाही, आवाजही कधी चढवत नाही. तो म्हणाला, "अगं, खेळ म्हटलं ना मी? जाते तेव्हा कधी अडवलं? मग हे गच्चीवर काय नाटक? चारी बाजूंनी लोकांच्या खिडक्या आहेत."

"खिडक्या मी लावल्या का?" अक्षदा म्हणाली. "जमीन आपणच विकली ना."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. हौसाबाई उठून आत गेल्या. मी टी-शर्ट सोफ्यावर ठेवून निघाले.

आठवडाभराने खिडकीतून बघितलं तर त्या टाक्यांच्या मधल्या फटीला चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा हिरवी जाळी बांधलेली. बिल्डिंगचं काम चालू असताना लावतात तसली. संदेशने साइटवरून माणूस आणून लावून घेतली होती.

"म्हणाला, आता कर काय करायचं ते," अक्षदाने मला सांगितलं. "गरम होतं गं आत खूप. पण करते."

त्या जाळीच्या आत तिने पाय तयार केला. मृणालने परवानगी दिल्यावरच मैदानात आली. आता ती आल्या आल्या टर्फच्या जाळीच्या कडेने चालायची, पळायची, पाय हलवायची, आणि आम्ही खेळत असायचो. तासातला चांगला मोठा भाग तसाच जायचा. मधूनच बॉल तिच्याजवळ यायचा, तो परत फेकायची आणि फेऱ्या पुढे चालू. तेवढ्या वेळात तिच्या तोंडावरची चिडचिड बघवत नसे.

डिसेंबरात ठाण्याला लेडीज टुर्नामेंट होती. गावाचं नाव म्हणून संदेश गाडी घेऊन आला, आणि हौसाबाईसुद्धा आल्या. सकाळची मॅच आम्ही जिंकलो ती अक्षदाच्या फिल्डिंगवर. तिने दोन रनआउट केले. संदेश उभा राहून शिट्ट्या मारत होता.

मग नुसतं बसणं. दुपार उलटली तरी सेमीफायनलचा पत्ता नाही. आम्ही मंडपात खुर्च्यांवर, पाय आखडून गेलेले. आणि अचानक माइकवर नाव पुकारलं, दोन मिनिटांत मैदानात या, नाहीतर समोरच्या टीमला पुढे चाल देऊ.

"नयन, मला दहा मिनिटं दे," अक्षदा म्हणाली. "पाय थंड पडलाय."

"वेडी आहेस का? चल!"

"माझ्या जागी दुसरी उतरव. मी पाय गरम करून येते."

नयनने हात जोडले, शिवी घातली, शेवटी राखीव पोरगी उतरवली. आमची फिल्डिंग सुरू झाली आणि अक्षदा बाउंड्रीच्या दोरीबाहेर एकटी हळूहळू पळत होती. गुडघे वर घेत चालत होती. शेकडो माणसं बघत होती. कोणीतरी ओरडलं, "ओ वहिनी, मॅच आत चालू आहे!" मंडपात हशा पिकला. संदेश दोरीपाशी आला. "अक्षदा, जा ना आत. लोक बघतायत." तिने मान हलवली आणि फेरी पुरी केली. तिचे कान लाल झालेले मला आतून दिसत होते.

ती आत आली तोवर राखीव पोरीच्या हातून एक कॅच सुटला होता. बऱ्याच धावा गेल्या होत्या. अक्षदाने पुढे जीव तोडून अडवलं, तरी आम्ही अगदी थोडक्यात हरलो. नयन तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मी बॅगा भरत राहिले.

परत येताना मी त्यांच्याच गाडीत होते. शीळफाट्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला दुभाजक. गाडी एक हात पुढे सरकायची आणि थांबायची.

"हरलो तर हरलो," बऱ्याच वेळाने संदेश म्हणाला. "पण तिथे असं एकटीने नाचायची काय गरज होती?"

"पाय गेला असता."

"नसता गेला."

"तुझा पाय आहे का?"

ती सीटवर अवघडून बसली होती, गुडघा डॅशबोर्डला टेकलेला. मग म्हणाली, "दार उघड. मी चालते थोडं. आखडतोय."

"इथे? हायवेवर?"

तिने स्वतःच दार उघडलं, उतरली आणि गाडीपुढून पलीकडे गेली. दुभाजकाला लागून, टीमच्या टी-शर्टात, गाडीच्या बरोबरीने चालायला लागली. गाडी इतकी हळू होती की तिला मागे टाकू शकत नव्हती. ट्रकवाले खिडकीतून बघत होते. संदेश स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

माझ्या शेजारी हौसाबाई काचेतून सुनेकडे बघत होत्या. पोटऱ्या दाबत होत्या. "मना पन उतरव रे," त्या म्हणाल्या. "माजं पाय धरलंत सकालपासना."

"आये, तू कुठे उतरतेस? बस गप. पोचतोच आपण."

हौसाबाई बसल्या. साडीचा पदर नीट केला आणि हात पुन्हा पोटऱ्यांवर ठेवले. आम्ही पोचलो ते दिवेलागण होऊन गेल्यावर.

अक्षदा अजून येते. त्यानंतर तिचा पाय एकदाही गेलेला नाही. मृणालने सांगितलेले व्यायाम आता टीममधल्या आणखी चौघी-पाचजणी करतात, नयनसुद्धा. घरात मात्र काही हललेलं नाही. तीच वेळ, तोच मागचा दरवाजा, परत जाऊन तोच चहा.

गेल्या बुधवारी तिच्या फेऱ्या झाल्या, छोट्या धावा झाल्या. अंगाला घाम सुटला होता, चेहरा खुलला होता. "चला, झालं, बॉल द्या," असं म्हणत ती आत आली आणि गेटवर टांगलेल्या ओढणीत बांधून ठेवलेला फोन वाजला. घरी पाहुणे आले होते, मुलीकडचे, संदेशच्या पुतण्याच्या लग्नाचं बघायला. हौसाबाईंचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"आलेच," अक्षदा फोनवर म्हणाली.

तिने कपाळ पुसलं, ओढणी घेतली आणि गेटमधून बाहेर पडली. नयनने बॉल माझ्याकडे टाकला. आम्ही त्या दिवशी एक कमी घेऊन खेळलो.